टिलर सुरू झाला

मंगळवार, संध्याकाळ. वरूड.

मिस्त्री म्हणाला होता, "वहिनी, हे मशीन थकलं आता. नवीन घेऊन टाका." मीच दुरुस्तीवर अडून बसले. यांना लकवा मारून सात महिने झाले. हात सुधारला की बागेच्या मशागतीला यांना हाच सवयीचा टिलर लागेल, असं वाटायचं. वेडी आशा, दुसरं काय?

आज दुपारी मिस्त्रीने इंजिन सुरू करून दिलं. आवाज ऐकून हे काठी टेकत संत्र्याच्या झाडांपर्यंत आले. दांडा धरला. डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवली, पण ती मिटेचनात. उजव्या हाताने एकेक बोट वाकवून बसवलं, तरी सुटली. ती बोटं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "इकून टाक. मले नाही जमत आता."

मिस्त्री गेल्यावर मीच टिलर धरला. काम थांबणार नाही, एवढंच यांना दाखवायचं होतं. का दाखवायचं होतं? ओळीच्या टोकाला वळले, तर हे झाडाखाली बसून रडत होते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मी इंजिन बंद केलं नाही. त्या आवाजात यांना मोकळं रडता यावं म्हणून.