न लावलेले फुगे

माय,

तुला गॅस नव्हता. हे सांगायला इतकी वर्षं लागली, कारण आधी मला ते मशीन शिकावं लागलं.

हळद शिजवायचे दिवस होते. तू डोंगरकडा गावाला कढईवर कामाला जायचीस आणि घरी भाकरी थापताना मधेच थांबून जबडा दाबून धरायचीस. पाठीत कळ, दम, घाम. बाबा म्हणाले, "चोरून खाती वाटतं कायतरी, म्हणून गॅस धरतो," आणि तू हसलीस. शेवटी बाळापूरला एका दवाखान्यात नेलं, तेव्हा मी सोबत होते. तुझ्या बांगड्या माझ्या हातात आहेत. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणारा माणूस तुझं पिवळं मनगट पुसतोय, हळद निघत नाही. हातापायांना चिमटे लावून तो छातीकडे आला, तू पदर घट्ट धरलास, आणि त्यानं तुला काही न विचारता बाबांकडे पाहिलं. "राहू द्या," बाबा म्हणाले. "बाईमाणूस हाय." छातीवर लावायचे सहा रबरी फुगे मशीनला तसेच लोंबत राहिले. पट्टी चांगली आली. तू म्हणालीस, "सायेब, कळ जबड्यात हाय, पोटात न्हाई." डॉक्टरांनी मान वर न करता गॅसच्या गोळ्या लिहिल्या. बायकांना हृदयाचं सहसा नसतं, हे त्यांनी बाबांना समजावलं, तुला नाही. त्याच आठवड्यात तू कढईजवळ बसल्या जागी गेलीस.

नुसत्या चिमट्यांवरून हृदयाचा समोरचा भाग नीट दिसत नाही. हे त्या माणसाला माहीत होतं, डॉक्टरांना तर होतंच. फुगे लावले असते तर तू वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. ते मला माहीत नाही. पाहिलंच नाही, एवढं माहीत आहे. पुढं बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा जीप करून थेट नांदेडला नेलं, आणि तिथं त्यांचा सदरा काढायला कुणी कुणाची परवानगी मागितली नाही. बाबा बरे आहेत. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. कधी तुझाही राग येतो, पदर धरलास म्हणून. पण तिथं पडदा नव्हता, आणि एखाद्या बाईला बोलवावं असं कुणाला सुचलं नाही. तू आणखी काय धरणार होतीस?

आता हिंगोलीत मी तेच मशीन चालवते. पडदा मी मागून घेतला. गेल्या आठवड्यात एक म्हातारी आली, म्हणाली, "जळजळ हाय नुसती, पोरानं उगं आणलं." तिचा नवरा पडद्यात डोकं घालून विचारतो, "मशीन बराबर हाय ना? मग चोळी काहून काढायची?" मी त्याला बाहेर बसवलं. म्हटलं, आजोबा, तुमची पट्टी काढताना सदरा काढतातच ना? सहाही फुगे लावले. पट्टी वाईट होती. अर्ध्या तासात तिला नांदेडच्या गाडीत बसवलं. ती परवा चालत येऊन भेटून गेली, असं लिहायला मला आवडलं असतं. अजून काही कळलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात आम्हा कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. त्या दिवशी मशीनवर माझ्याबरोबर काम करणारा मुलगा होता. चांगला आहे, मीच शिकवलाय त्याला. मी ओढणी सारखी केली, मला काही होत नाही म्हणाले, आणि पट्टी न काढताच बाहेर आले.