साहेब म्हणाले

४ मार्च, बुधवार

बाबा म्हणाले, "साहेबांना विचारून ये."

बस. एवढंच बोलले आणि पेपर उलटा करून शब्दकोडं बघत बसले.

मी काय विचारलं होतं? की दुसऱ्या शहरातली नाटकमंडळी मला दोन वर्षं लेखक म्हणून घेतेय, राहायला खोली देतेय, तेरा तारखेच्या आत हो-नाही कळवायचंय — जाऊ का? आई अशा वेळी भांडी घासते, नसली तरी घासते. थोरले काका फोनवर म्हणाले, "मंगळवारी येतो मी. तोवर कुणी कुणाला हो म्हणू नका." आमच्याकडे निकाल काकाच लावतात. लहानपणापासून.

आणि बाबा म्हणतात साहेबांना विचार.

बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्याआधी सगळा जन्म त्या मोठ्या घरातल्या जेवणघरात गेला — टेबल मांडायचं, वाढायचं, उचलायचं. अजूनही आम्ही त्याला 'मोठं घर'च म्हणतो. सरकारी निवासस्थान वगैरे पाटीवर.

बाबांचं हल्ली विसरणं वाढलंय. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो. मागच्या महिन्यात मला विचारलं, "कितवीला तू आता?" मी म्हटलं नोकरी करते, जाहिराती लिहिते. "अस्सं," म्हणाले, जणू शेजारच्यांची बातमी.

म्हणून मी आज वाद घातला नाही.

५ मार्च, गुरुवार

पण कुठल्या साहेबांना?

७ मार्च, शनिवार

हा प्रश्न मला तेविसाव्या वर्षी पडावा, म्हणजे धन्य आहे. लेखक म्हणे!

बाबांच्या बोलण्यात साहेब एकच होते. कायम. साहेबांना सूपमध्ये मीठ चालत नाही. साहेबांना मीठ वरून लागतं. साहेब डावखुरे. साहेब मांजरांना घाबरतात. साहेब पायऱ्या दोन-दोन चढतात. साहेबांना जिन्यात दोनदा थांबून श्वास घ्यावा लागतो. साहेब रेडिओवरची बातमी ऐकून रडले आणि रुमाल मागितला. शाळेत 'माझा आवडता माणूस' या निबंधात मी हे सगळं एकाच माणसावर लिहिलं होतं. बाई म्हणाल्या कल्पनाशक्ती चांगली आहे.

दर चार-पाच वर्षांनी साहेब बदलतात हे मला काय माहीत नव्हतं? होतं. पेपरात येतंच. पण ते वेगळं आणि आमचे साहेब वेगळे. डोक्यात एक खोली असते तिचं दार उघडायचं राहून जातं — (वाक्य बरं झालंय. खोडायला हवं.)

आणि साहेब बाबांना 'शहाण्या' म्हणायचे. हे महत्त्वाचं. मी सोळाची होते, काका म्हणाले, दहावी पुष्कळ झाली, आता हिला माझ्या दुकानात बसवू, गल्ला सांभाळेल. दुसऱ्या दिवशी बाबा कामावरून आले, डबा खाली ठेवला, मान खाली घातली आणि काकांना म्हणाले, "साहेबांनी आज मला झापलं. म्हणाले, अरे शहाण्या, तुला काय कळतंय, पोरीला शिकू दे. दुकानात बसवलीस तर उद्यापासून इथे येऊ नकोस." काका चक्क उठून उभे राहिले होते. साहेब समोर असल्यासारखे. "साहेब म्हणाले म्हणजे..." असं म्हणून पुन्हा बसले.

मी कॉलेजला गेले ती त्या वाक्यावर.

आईला दुपारी विचारलं, "तो कुठला गं साहेब? डावखुरा की दम लागणारा?"

आई डाळ निवडत होती. "मोठ्या घरात जाऊन बघ ना. रविवारी खालचा मजला लोकांना उघडा असतो. तुला सगळं माझ्याकडूनच हवं."

म्हणजे दोघंही मला तिकडेच ढकलतायत. बरं!

८ मार्च, रविवार

गेले. आले. डोकं भंजाळलंय. जसं आठवेल तसं.

फाटकावर पिशवी तपासली. पेन काढून ठेवायला सांगितलं. "शाई उडते," शिपाई म्हणाला. वही चालेल पण पेन नाही! वही छातीशी धरून मी त्या घरात शिरले, बाबा रोज शिरायचे ते दार शोधत. ते मागे होतं. बघ्यांसाठी पुढचं.

आमचा गट पंधराएक जणांचा. गाइड मुलगी माझ्याच वयाची, गळ्यात रुमाल, कानाशी छोटा माइक. "खुर्च्यांना हात लावू नका, त्या आपल्यापेक्षा जुन्या आहेत." हे ती दर खोलीत म्हणाली आणि दर खोलीत गटातले एक आजोबा हसले.

पहिल्या दालनात तसबिरी. आतापर्यंतचे सगळे साहेब, ओळीने, पार छतापर्यंत. आणि मी एकेक ओळखायला लागले! हा डावखुरा, पेन डाव्या हातात आहे. हा जाड, जिन्यात थांबणारा. हा नाजूक डोळ्यांचा — रेडिओवाला असणार. माझ्या आवडत्या माणसाचे कुणीतरी तुकडे करून वेगवेगळ्या चौकटींत टांगले होते. रडू येईल असं वाटलं, आलं हसू. शेजारच्या बाई माझ्यापासून जरा लांब सरकल्या.

मग निळा दिवाणखाना. मग जेवणघर.

टेबल एवढं लांब की दोन टोकांच्या माणसांनी एकमेकांना पत्र लिहावं. भिंतीवर पितळी घंटा. गाइड म्हणाली, वाढणाऱ्यांनी वाढून झालं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. घंटा वाजली की वळायचं. टेबलावरच्या कुणाशी बोलायचं नाही आणि त्यांनीही वाढणाऱ्यांशी बोलायचं नाही, असा इथला जुना नियम, अगदी परवापरवापर्यंत पाळला जायचा.

मी विचारलं, "म्हणजे साहेब कधीच बोलायचे नाहीत?"

"वाढणाऱ्यांशी? नाही. एका साहेबांनी एकदा 'धन्यवाद' म्हटलं तर वाढणाऱ्याच्या हातून भांडं पडलं, अशी गोष्ट सांगतात."

सगळे हसले.

मी भिंतीकडे बघितलं. एका जागी रंग किंचित उडालेला. कपाळाच्या उंचीवर. असेल काहीही.

मग घुमटाखाली आलो. गाइड म्हणाली, सात वर्षांपूर्वी हा गळायला लागला, दुरुस्तीला वर्ष गेलं. "त्या अख्ख्या वर्षात इथे कुणीच राहत नव्हतं. साहेब दुसऱ्या बंगल्यात गेले. इथे फक्त झाकलेलं सामान आणि धूळ झटकायला चार-दोन माणसं."

सात वर्षांपूर्वी. माझी दहावी.

मी तिला पुन्हा विचारलं, नक्की? ती म्हणाली, "दारावरच्या पाटीवर साल कोरलंय की." कोरलं होतं.

मग मला झापलं कोणी? म्हणजे बाबांना. 'शहाण्या' कोण म्हणालं? चादरी घातलेल्या खुर्च्या?

९ मार्च, सोमवार

ऑफिसात साबणाची जाहिरात लिहायची होती. तीनदा 'साहेब' लिहिलं.

आईला सांगितलं सगळं. घंटा, घुमट, साल. ती पोळपाट धूत होती. वळलीसुद्धा नाही.

"मला घर घ्यायच्या वेळीच कळलं होतं," म्हणाली. "काका म्हणत होते वाड्यातच भाड्याने राहा, आमच्या नजरेसमोर. तेव्हाही साहेब म्हणाले होते. माझ्या ऑपरेशनच्या वेळीही साहेब म्हणाले होते. साहेबांना एवढा वेळ कुठला?"

"मग तू कधी बोलली नाहीस?"

"कशाला बोलू? भल्याचंच सांगायचे की साहेब." आणि पोळपाट उभा करून ठेवला. "तुझ्या बाबांचं काका ऐकतात का? कधीच नाही. मोठ्या घरातल्याचं ऐकतात. मग काय करणार माणूस."

बाबा स्वतःला शिव्या घालून घ्यायचे. ते सुचलं कसं त्यांना? शिवी नसती तर काकांना पटलं नसतं — साहेब आपल्या भावाशी नीट बोलतात, हे कसं पटेल!

पण मग आता? आता बाबा स्वतःच विसरलेत की साहेब त्यांनीच बनवलाय. आपल्याच साहेबाला विचारून ये म्हणतायत. मला पाठवलं तेव्हा चेहरा इतका साधा होता. उद्या विचारतील, काय म्हणाले? काय सांगू? खरं सांगितलं तर त्यांचा साहेब जाईल. खोटं सांगितलं तर — मी त्यांना फसवायचं? त्यांनी ज्या खोट्यावर मला शिकवलं त्याच खोट्याने?

कळत नाही. कितीही फिरवून लिहिलं तरी कळत नाही.

१० मार्च, मंगळवार

काका आले. चहा झाला. काकांनी पाय पोटाशी घेऊन बैठक मारली, म्हणजे आता निकाल.

"नाटकबिटक नाही," म्हणाले. "ओळखीचं स्थळ आहे एक, ते बघू."

आणि बाबा, खिडकीशी बसलेले, पेपरातून मान वर न काढता — "साहेबांकडे जाऊन आलीस ना गं? काय म्हणाले?"

काका माझ्याकडे वळले. "तू साहेबांना भेटलीस? तू?"

"हो."

"कुठे?"

"निळ्या दिवाणखान्यात," मी म्हटलं. "उजव्या खिडकीपाशी बसले होते. मला उभंच ठेवलं. पेन फाटकावर काढून घेतात, काका. शाई उडते म्हणून."

हे पेनाचं काकांना पटलं. मी बघितलं पटताना. खरी गोष्ट होती ना ती.

"मग?"

"म्हणाले, त्या शहाण्याला जाऊन सांग, तुला काय कळतंय. पोरीला जाऊ दे. अडवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

बाबांनी मान खाली घातली. अगदी तश्शीच. झापून घेतल्यासारखी. इतका विश्वास! आपण किती नीच.

काकांनी कपातल्या गाळाकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेब म्हणाले म्हणजे..."

आणि चपला शोधायला उठले.

१२ मार्च, गुरुवार

कळवलं. हो म्हणून. आनंद झालाय का ते अजून बघितलेलं नाही. बाबांच्या समोरून जाताना नजर चुकवते.

१३ मार्च, शुक्रवार

सकाळी आई आंघोळीला गेल्यावर बाबांनी हाक मारली. शब्दकोडं भरत होते. पेन खाली ठेवलं, दाराकडे बघून घेतलं, आवाज बारीक केला.

"निळ्या दिवाणखान्याला उजवीकडे खिडकी नाही. दोन्ही डावीकडे आहेत. काकाने नशिबाने कधी बघितलेला नाही." आणि वैतागून, "नीट बघून यायला पाठवलं होतं ना तुला, शहाणे?"