आरशावरची साय

३ मार्च
दक्षिण फ्रान्समधल्या मानोस्कला पोचलो. ऊन छान, खोली हवेशीर, मालकीणबाईंनी ऑलिव्ह आणि चीज आणून ठेवलेलं. प्रयोगशाळेतली मंडळी मात्र तास-तास जेवतात आणि त्यालाच काम म्हणतात. इथल्या अणुसंमीलनाच्या भट्टीच्या पोटातला जाळ आरशांमधून बाहेरच्या कॅमेऱ्यांपर्यंत येतो. भिंतींचा धातू उडून त्याच आरशांवर राखाडी साय धरते. ती मी काढायची. आरसा पोलादी पेटीत ठेवायचा, हवा उपसायची, चिमूटभर वायू सोडून विजेने चेतवायचा; साय सुटते. एवढ्यासाठी पॅरिसहून माणूस आणावा लागला, यातच यांची लायकी कळते.

६ मार्च
सहकारी मागलोन मास्कशिवाय आत पाऊल टाकू देत नाही. या धातूची धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही, हे तिचं पालुपद. मी मुद्दाम मास्क काढून आरसा न्याहाळला. म्हणाली, "पॅरिसवाले साहेब, धुळीला तुमच्या डिग्र्या वाचता येत नाहीत." भित्री भागूबाई.

११ मार्च
आरसा लख्ख झाला, असं उपकरण सांगतं. आरशात माझ्या गालावर मात्र राखाडी डाग. उपकरण यांचंच, काय अपेक्षा करणार? आरसा पुन्हा पेटीत घातला.

१४ मार्च
डाग कपाळापर्यंत गेलाय. मागलोनला आरशासमोर उभं केलं. तिचा चेहरा स्वच्छ, नाकावरच्या तिळासकट. मग तिने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि मागे सरली. आजच डॉक्टरकडे जा, म्हणाली. जळते माझ्यावर.

१८ मार्च
खोलीवरच्या आरशातही तेच. ब्रशने घासलं. रक्त आलं, तेही राखाडी. जिना चढताना दम लागतो. मालकीणबाई पाव दाराबाहेर ठेवून पळतात. अडाणी बाई.

२१ मार्च
आरशात आता डोळे नाहीत. नाक नाही. मागलोनने माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली मागितली — रडवेली झाली होती. दिली नाही. हिच्यापुढे मी हात टेकू?

रविवार, दुपार
कुणी नाही. मोठ्या पेटीत वाकून बसलोय. आरशांची साय निघते, तर माझी का — हवा उपसायची नाही, एवढं कळतं मला. नुसती वीज, अगदी थोडी —

पेटीच्या झरोक्याशी कुणीतरी आलं. मागलोन नव्हे. चेहरा स्वच्छ. माझा.

बघतोय. मी या लोकांकडे बघतो, तसाच —

दार लावलं त्याने. मी हाका मारतोय, तो ओळखच दाखवत नाही — पंप सुरू — कान —