बंडूजी दुकानातच होते

पुणे
८ ऑगस्ट २०२४

ती. सुलोचनामावशीस,
सा. न. वि. वि.

आईवरचा तुझा लेख मिळाला. आमच्या दिवाळी अंकात बहिणींवरचे लेख घ्यायचं ठरलं, तेव्हा मला पहिलं नाव तुझंच सुचलं होतं. वडनेरला तुम्ही दोघी एकाच सायकलवरून पडलात आणि मार एकट्या आईनं खाल्ला, ते वाचून आधी हसले, मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

आता संपादक म्हणून एक विनंती. प्रत्येक परिच्छेद तू ‘बंडूजी दुकानातच होते’ या वाक्यावर संपवला आहेस. सायकलचा, लग्नाचा, अगदी आईच्या वांग्याच्या भाजीचासुद्धा. भाजीचा आणि बाबांच्या दुकानाचा काय संबंध? एकदा सांगितलं तरी वाचकाला कळतं, मावशी. शेवटचं ठेवते, बाकीची काढते. सुट्टीत माझ्याकडून निबंध लिहून घेऊन लाल पेनानं ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारणारी बाई तूच ना? आता माझी पाळी!

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. गुडघ्याला तेल लावत जा. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
रुचिका

तळेगाव (श्यामजी पंत)
१६ ऑगस्ट २०२४

चि. रुचिकास,
अ. आ.

फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि लगेच माझ्या गुडघ्यावर येतेस.

पुनरुक्तीला मी मार्क कापत होते, कारण पोरं दुसरं काही सुचत नाही म्हणून तेच तेच लिहायची. मला सुचत नाही असं वाटतं का तुला?

तुझी आई गेली त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे ते तुझ्या बाबांकडून. तू पुण्याहून पोचलीस तोवर सगळं संपलं होतं. मग तेरवीपर्यंत माणसं बसायला येत राहिली, आणि बंडूजी आल्यागेल्या प्रत्येकाला तेच सांगत राहिले, की अटॅकच तसा होता, काई टाइमच नाई भेटला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. पहिल्या दिवशी त्यांची मान खाली होती. तेरवीला ते माझ्या डोळ्यांत बघून सांगत होते. हळूहळू येणारी माणसंही तेच बोलू लागली, आणि तूही. तेच तेच म्हटल्यानं काय होतं हे मला शाळेनं नाही, त्या बैठकीनं शिकवलं.

आता माझं ऐक. त्या सकाळी मंजुषाचा मला फोन आला होता. छातीत दुखतंय, घाम सुटलाय, हे दुकानात आहेत, असं म्हणाली. पेरणीचे दिवस, बियाण्याला गर्दी. तुमच्या दुकानात आणि घरात पडदा काय तो एक. मी बंडूजींना फोन लावला तर म्हणाले, गॅस झाला असंन, येवढं गिराईक होऊ द्या, मंग पाह्यतो. दुपारी पुन्हा लावला, पुन्हा तेच. जामच्या चौकात, तुमच्या दारासमोरून दिवसभर गाड्या जातात. कुणालाही हात केला असता तरी ती दवाखान्यात पोचली असती. माझी बहीण संध्याकाळी गेली. टाइम सकाळपासून होता.

भाजीचा काय संबंध म्हणतेस. मला तिची कोणतीही गोष्ट आठवली की शेवटी तिथंच येऊन थांबते. भाजी आठवली तरी. एकही वाक्य काढू नकोस. काढायचंच तर लेख काढ.

राग नाही असं खोटं लिहिणार नाही. आशीर्वाद आहेतच.

सुलोचनामावशी

पुणे
२३ ऑगस्ट २०२४

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हे तू वर्षभर मनात ठेवलंस आणि सांगितलंस ते छापायच्या कागदावर. मला आधी सांगावंसं वाटलं नाही?

अंक जामला जातो. माझा अंक म्हणून बाबा तो दुकानाच्या काउंटरवर ठेवतात, गिऱ्हाइकांना दाखवतात. ते आता एकटे आहेत, स्वतःच्या हातानं भाकरी थापतात. आई गेलीच, आता बापही घालवू का? मी वाक्य एकदाच ठेवलं आहे. लेख तसाच वाचनीय होतो, हे संपादक म्हणून सांगते.

तब्येतीला जप.

रुचिका

तळेगाव (श्यामजी पंत)
२८ ऑगस्ट २०२४

चि. रुचिकास,
अ. आ.

सांगणार कुणाला होते? तेरवीला तू बापाच्या शेजारी बसून टाइम नव्हता म्हणून सांगत होतीस.

वाचनीय कर, हवं तसं कर. फक्त माझं नाव काढ. आणि छापायच्या आधी एकदा जामला जा आणि मी लिहिला तसा लेख बापाला वाचून दाखव. ते नाही म्हणाले, तर मीही मानेन की म्हातारी भ्रमली.

तुझ्या आईची बहीण,
सुलोचना

जाम
२ सप्टेंबर २०२४, पोळा

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पोळ्याला दुकान बंद असतं, म्हणून आजच आले. दुपारी बाबांना लेख वाचून दाखवला, तुझ्या सगळ्या वाक्यांसकट. पहिल्यांदा ते वाक्य आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पुन्हा आलं तेव्हा चष्मा काढला आणि पुसत बसले. वांग्याच्या भाजीपाशी ते वाक्य गाळावंसं वाटलं, पण वाचलं.

शेवटी म्हणाले, की दुकानातच होतो, नाई कुठं म्हनतो, पन येवढ्या खेपा काऊन लिवलं, एकडाव सांगतलं तरी समजते मानसाले.

माझंच वाक्य, मावशी. मी तुला पुण्याहून लिहिलेलं. मला माझीच किळस आली. एकदा सांगून समजत असतं, तर आई आज असती.

मी विचारलं, त्या दिवशी आईनं पडद्याआडून किती हाका मारल्या. ते उठून आतून दुकानात गेले आणि दिवा न लावता गल्ल्यावर जाऊन बसले.

लेख तू लिहिलास तसाच जातो आहे, तुझ्या नावानं. बाबांचं आणि माझं पुढं काय होईल ते मला माहीत नाही. तुझा लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
रुचिका

ता. क. जेवण वाढून पडद्याआडून बाबांना हाक मारली. पुन्हा मारली. पुन्हा मारली. बाबा दुकानातच आहेत.