अक्कांचा आवाज आणि तीस लाइनी

१० मार्च ९७, सोम.
लाइनी आल्या एकदाच्या! टेलिफोन खात्याची माणसं इलेक्ट्रॉनिक सिटीच्या आमच्या शेडमध्ये केबल टाकून, दोनदा कॉफी पिऊन, माझी सही घेऊन गेली. एका केबलमधून तीस लाइनी. आता एक्स्चेंज आणि आमचं मशीन एकमेकांशी बोललं की सुटलो. ज्याच्या घरी फोन नाही त्याला आम्ही नुसता नंबर देणार. लोकांनी त्यावर निरोप ठेवायचा, त्याने कुठल्याही बूथवरून ऐकायचा.
जोडलं. मशीन ढिम्म.
खात्याला विचारलं. "हमारे साइड से ओके है." नायरसाहेब म्हणाले, आमच्याही साइडने ओके आहे. ते मॅनेजर, त्यांच्या साइडने कायमच ओके असतं. केबलच्या मधे बसलेला मीच काय तो नॉट ओके.

१२ मार्च, बुध.
अजून ढिम्म. नायरनी आज दार लावून घेतलं म्हणजे काहीतरी वाईट. मशीन पास झालं अशी खात्याची सही ३१ मार्चपर्यंत हवी. वर्ष संपलं की त्यांचं बजेट लॅप्स. सही नाही तर बंगलोरचं काम बंद, आणि मी कंपनीच्या नोएडाच्या ऑफिसात.
वृंदाला पुण्याला फोन केला. तिने बँकेत बंगलोरला बदली मागितलीय, माझ्यासाठी. ऑर्डर याच महिन्यात निघेल म्हणे. एकदा नाकारली की तीन वर्षं नाव घ्यायचं नाही. म्हणजे ती बंगलोरला यायची आणि मी नोएडाला जायचो, असंही होऊ शकतं. लग्नाला दीड वर्ष झालं, एका घरात मोजून चार महिने राहिलोय.
ती म्हणाली, "तुझं मशीन बोलेल तेव्हा बोलेल, तू आधी जेवलास का?" नव्हतो जेवलो. जेवलो म्हणालो.

१३ मार्च, गुरु.
हात्तिच्या! केबलची दोन टोकं उलटी. त्यांची बोलायची तार आमच्या बोलायच्या तारेला, ऐकायची ऐकायच्या तारेला. तीन दिवस दोघं नुसते बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. तारा बदलल्या आणि मशीनने पहिल्या रिंगला फोन उचलला, "नमस्कार" म्हणालं. मी पण नमस्कार म्हणालो. नायरनी पाहिलं. असो.

१६ मार्च, रवि.
चामराजपेटच्या घरमालकीणबाई म्हणजे अक्का. मूळचे आपलेच मराठी, पण किती पिढ्यांमागे आले ते त्यांनाही धड माहीत नाही. गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडे, त्यामुळे अख्ख्या गल्लीचे फोन त्यांना येतात आणि त्या गच्चीवरून हाका मारून माणसं बोलावतात. तो आवाज मार्केटपर्यंत जात असणार.
हौसेने त्यांना म्हटलं, अक्का, माझ्या मशीनवर निरोप ठेवून बघा. त्यांनी पदर सावरला, नंबर फिरवला. "अय्यो, मी बोलते रे, चामराजपेटेची—"
मशीन म्हणालं, "धन्यवाद. आपला निरोप नोंदवला आहे." खट्ट.
परत. "हलो, स्वल्प ऐकून—" धन्यवाद. खट्ट.
पाच वेळा. पाचव्यांदा अक्कांनी रिसिव्हर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "साठ वर्षांत माझं बोलणं कुणी तोडलं नाही रे. यजमानांनी सुद्धा नाही." यजमानांची तेवढी छाती नसणार. हे मी बोललो नाही.
संध्याकाळची कॉफी आली नाही.

१८ मार्च, मंगळ.
सापडलं. आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं. फोनच्या प्रत्येक बटणाला ठरलेला सूर असतो, मशीन त्या सुरावरून बटण ओळखतं. निरोप ठेवताना बटण दाबलं म्हणजे निरोप संपला. अक्कांच्या "अय्यो"त नेमका तसला सूर लागतो. मशीनला वाटतं, बाईंनी बटण दाबलं.
मग आम्हाला वर्षभर कसं कळलं नाही? कारण शेडमध्ये आम्ही सात बाप्ये. सातही जण फोन उचलून एकच बोलतो, "हलो, टेस्टिंग, वन टू थ्री." माणसासारखं एकही जण बोललेला नाही. शाबास रे इंजिनियर!

२० मार्च, गुरु.
उपाय आहे, अर्धा. सूर जरा जास्त वेळ टिकला तरच बटण समज, असं मशीनला सांगता येतं. सांगितलं. अक्कांना फोन लावायला लावला (कॉफीची पावडर आणि माफी, दोन्ही घेऊन गेलो). अक्का पूर्ण बोलल्या. नळाचं पाणी, सुनेची मंगळूरची माहेरची माणसं, भावाचा गुडघा, सगळं नोंदलं. "आता सरी," म्हणाल्या, म्हणजे आता ठीक. कॉफी चालू.
पण आता भराभर बटणं दाबली की मशीन निम्मी गाळतं. आणि खात्याच्या टेस्टमध्ये काय आहे? भराभर बटणं दाबणे. माणसाने बोलणे हा प्रकार टेस्टमध्ये नाहीच.
नायरना सांगितलं. खरी दुरुस्ती म्हणजे मशीनमधलं फोनचं कार्ड बनवणाऱ्यांकडून नवं सॉफ्टवेअर, दोन महिने. नायर शांतपणे म्हणाले, "देखो, टेस्ट में अक्का नहीं है."

२४ मार्च, सोम.
वृंदाची ऑर्डर निघाली. ३१ला हो किंवा नाही लिहून द्यायचं. तिचाही ३१! मार्चने आम्हा दोघांवर काय डाव धरलाय कळत नाही. बँकेत वर्षअखेर, फोनवर धड बोलायला वेळ नाही, मागे कुणीतरी सारखं "मॅडम, व्हाउचर" म्हणून ओरडतंय. म्हटलं, माझ्या मशीनवर निरोप ठेव, सवडीने. म्हणाली, "नवऱ्याशी बोलायला आता मशीन?" पण हसली. तिने नंबर लिहून घेतला.
टेस्टसाठी सेटिंग परत फिरवावं लागेल, हे तिला सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं.

२७ मार्च, गुरु.
सकाळी सेटिंग परत जुन्यावर आणलं. मीच. नायर शेजारी उभे होते, पण बोट माझं.
खात्याच्या डी.ई. (डिव्हिजनल इंजिनियर) मॅडम आल्या, धारवाडकडच्या, चष्मा, आवाज खणखणीत. सोबतच्या माणसाने बटणं अशी दाबली की टायपिंगच्या परीक्षेला बसलाय. एकही गळलं नाही. मग मॅडमनी स्वतः रिसिव्हर उचलला. हा आवाज! आता गेलं!
मॅडम म्हणाल्या, "हलो, टेस्टिंग, वन टू थ्री."
पास. देवा रे, सगळी दुनिया तेच बोलते.
उद्या गुड फ्रायडेची सुट्टी, सोमवारी सही. नायरनी म्हैसूरपाक वाटला. मी दोन खाल्ले. गोड लागले, खोटं कशाला बोलू.

२८ मार्च, शुक्र. (सुट्टी)
सकाळी अक्कांच्या फोनवरून माझे निरोप ऐकले. एकच होता. वृंदा, काल संध्याकाळी, बँकेतून. शब्दन् शब्द लिहितो:
"ऐक, मी आहे. ऑर्डर समोर आहे. तुझी सही होईल न होईल, त्यावर मी माझं ठरवणार नाही, हे मी आधी ठरवलं. आता रागावू नकोस, मी खूप विचार केला, आणि मी ही बदली—"
"धन्यवाद. आपला निरोप नोंदवला आहे."
परत ऐकलं. परत तिथेच. मी ही बदली काय? घेतली? सोडली? बदली शब्दाशी तिचा आवाज जरा चढतो, तेवढंच माझ्या सेटिंगला पुरलं. संताप आला, ओरडायला समोर कुणी नाही. बोट माझं.
अक्का दारात उभ्या. काय झालं म्हणाल्या, सांगितलं सगळं, नायरचं वाक्यसुद्धा. वाटलं हसतील. नाही हसल्या. "आत्ता कळलं ना तुला, मला त्या दिवशी कसं वाटलं ते?" आणि मग, "त्या मॅडमला तरी सांगितलंस का रे?"
नाही सांगितलं.
मशीन सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात गावोगावच्या बायका आपापल्या मुलांना निरोप ठेवतील आणि मशीन प्रत्येकीला धन्यवाद म्हणून बाहेर काढील. तर ठरलं. सोमवारी सहीच्या आधी मॅडमना सांगायचं आणि हाच निरोप ऐकवायचा. चिडल्या तर नोएडा. न चिडता दोन महिने दिले, तरी बजेट गेलंच, म्हणजे बहुतेक नोएडाच. नायर काय करतील ते नायर जाणोत.
पण हे वृंदाला आज सांगायला हवं, तिने लिहून द्यायच्या आत.
पुण्याला वृंदाच्या हॉस्टेलला फोन लावलाय. वॉर्डनबाई कुरकुरत तिला बोलवायला गेल्यात. रिसिव्हर खांद्यात धरून लिहितोय, म्हणून अक्षर असं. अक्का समोर पोळपाट घेऊन बसल्यात, लाटणं मघापासून हललेलं नाही.
मी आधी नोएडाचं सांगितलं तर तिचं उत्तर बदलेल. तिला आधी बोलू दिलं आणि ती येते म्हणाली, तर मग मी कुठल्या तोंडाने—
फोनमध्ये चपला वाजतायत. तिच्याच. आधी ती की आधी मी, अजून