रायोंगची बिनआवाजाची गाडी

घोटावडे, ता. मुळशी
९ मार्च २०२५

चि. शैलेश यास दादाचे अ. उ. आ.

वि. वि. इकडे सर्व ठीक. तू कॉलेजात गेल्यापासून महत्त्वाचं काही असलं की आपण कागदावर लिहितो, ती सवय मी सोडलेली नाही. आता पोस्टाऐवजी कागदाचा फोटो पाठवतो, इतकाच फरक. फोनवर मला माणसाचं बोलणं कमी आणि त्याच्या मागचं जास्त ऐकू येतं.

बातमी अशी, की तुझ्या सांगण्याप्रमाणे ओढ्याकडचं भाताचं खाचर मुरूम टाकून भरून घेतलं. खांब उभे राहिले, पावसाच्या आत पत्रे चढतील. आपलं शेवटचं खाचर. आई म्हणाली, इंद्रायणी आता काय दुकानातनं इकत आणायची व्हय, आणि मग तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. चहा मात्र साधनावहिनीकरवी वेळेवर पाठवते. आपले हँगर, म्हणजे सायलेन्सर गाडीखाली टांगून धरणारे लोखंडी कंस, पिरंगुटच्या कंपनीकडून तुमच्या तिकडच्या कारखान्यात जातात, ते आता दुप्पट जाणार असं तू म्हणालास. जुन्या शेडमध्ये वळायला जागा नाही. तू त्या कारखान्याच्या खरेदीत बसतोस म्हणून मी हललो. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर आईच्या खाचराला हात लावला नसता.

तू मागितलेला त्या पत्र्याच्या ट्रेचा भाव मागच्या बाजूला लिहिला आहे. नफा न धरलेला, अगदी घरचा. हा आकडा मी पिरंगुटवाल्यांना मेलो तरी सांगणार नाही. ट्रे कशाचा, ते मात्र तू लिहिलं नाहीस.

आणि एक गंमत. परवा फोनवर बोलता बोलता तू गाडीत बसलास. दार लागलं, पट्टा लागला, रस्ताही सुरू झाला, पण इंजिनाचा आवाज काही आला नाही. तीस वर्षं मी गाडीच्या आवाजावर भाकरी खाल्ली आहे. मला वाटलं, तुझी हेमलता ढकलते आहे की काय. कुणाची होती ती गाडी?

आईचे आशीर्वाद. लोभ आहेच, तिकडच्या उन्हात तो वाळू देऊ नकोस.

तुझा,
हैबतदादा


रायोंग, थायलंड
१६ मार्च २०२५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हेमलतेनं मोठ्यानं वाचलं आणि ढकलण्याच्या ओळीवर तिला ठसका लागला. तिनं विचारलंय, दादा गाडीचं ऐकतात, वहिनींचं कधी ऐकतात का?

ती टॅक्सी होती. इथे आता निम्म्या टॅक्स्या चिनी, विजेच्या. स्वस्त आहेत म्हणून लोक घेतात. नवी गाडी दुकानात उभी असतानाच तिची किंमत उतरते, मग आधी घेतलेले जाऊन भांडतात. ऑस्ट्रेलिया, ब्राझील, युरोप, सगळीकडे जहाजं भरून जातात म्हणे. पण तुम्ही काळजी करू नका. इथला शेतकरी डिझेलचा पिकअप सोडणार नाही. हँगर लागतच राहतील.

ट्रे एका जनरेटरचा आहे. भाव मिळाला, फार उपकार झाले. शेडला पत्रे चढले की आतून-बाहेरून फोटो पाठवा, लांबी-रुंदी कळेल असे. थोडी घाई करता आली तर बरं.

आईचा राग तुम्हीच घालवू शकता. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया अशीच राहू द्यावी.

तुमचा आज्ञाधारक,
शैलेश


घोटावडे
२ जून २०२५

श्री. शैलेश यांस स. न. वि. वि.

पिरंगुटच्या कंपनीत खरेदीच्या साहेबांनी बोलावलं होतं. खुर्ची दिली, चहा मागवला. एरवी ते उभ्यानंच बोलतात, त्यामुळे खुर्ची पुढे आली तेव्हाच मी समजलो. म्हणाले, रायोंगच्या कारखान्यातली पेट्रोल-डिझेल गाड्यांची लाइन बंद होते आहे, पुढच्या महिन्यापासून हँगर नकोत. चिनी गाड्यांपुढे त्यांचा टिकाव लागला नाही.

धंदा म्हटला की हे आलंच. मी उठणार, तेवढ्यात ते हसून म्हणाले, हैबतराव, तुम्हाला कसली चिंता, तुमचे बंधू वेळेवर पलीकडे गेले. गेल्या दिवाळीपासून ते चिनी कंपनीतच आहेत ना?

मी चहा संपवला आणि हो, मला माहीत आहे, असं म्हणालो. आपल्या भावाचं आपल्याला ठाऊक नाही, हे परक्यासमोर सांगायला जीभ रेटली नाही.

म्हणजे खाचर भरा असं तुम्ही सांगितलंत, तेव्हा तुम्ही त्या कारखान्यात नव्हताच. ती टॅक्सी नव्हती, तुमचीच गाडी होती. ती कंपनीनं दिली की तुम्ही घेतली, हे विचारत नाही. नवी शेड उत्तम झाली आहे. फोटो पाठवले होते ते मिळाले असतील. आत सध्या चिमण्या आहेत.

मला एवढंच कळवावं, की दुप्पट माल जाणार हे तुम्ही कोणत्या आधारावर सांगितलंत.

कळावे,
हैबतराव


रायोंग
८ जून २०२५

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला 'श्री.' लिहिलंत. तुमच्या सायकलच्या दांडीवर बसून मी पौडच्या शाळेत गेलो, दादा. त्यापेक्षा शिव्या लिहायच्या होत्या.

जुन्या कारखान्याचं काय होणार, हे मला दोन वर्षांपूर्वीच दिसत होतं. नवीन ठिकाणी बोलावलं, मी गेलो. तुम्हाला सांगणार होतो. पण त्याच दिवाळीत आपल्या ओट्यावर बसून तुम्ही म्हणाला होतात, की चिन्यांसाठी मी नट-बोल्टसुद्धा बनवणार नाही. मला ठाऊक होतं, तुम्ही एकदा बोललात की संपलं.

म्हणून ठरवलं, की आधी तुमची शेड उभी करायची, मग इथून मोठी ऑर्डर हातात ठेवायची आणि मग सांगायचं. मोठी बंदिस्त जागा दिसल्याशिवाय आमचे लोक कुणाचा विचार करत नाहीत. तो ट्रे जनरेटरचा नव्हता, गाडीच्या बॅटरीचा होता. हँगर दुप्पट जाणार, याला काहीच आधार नव्हता. दुसरं कोणतंही कारण सांगितलं असतं तर तुम्ही खाचर दिलं नसतं.

पुढचं लिहायला जड जातं. तुमचा भाव मी बैठकीत ठेवला. साहेबांनी तोच कागद आमच्या चिनी पुरवठादारांपुढे सरकवला. ते दोन दिवसांत त्याच्याही खाली उतरले आणि ऑर्डर घेऊन गेले. आपल्याला नुसता पत्रा ज्या भावात पडतो, त्यात ते तयार ट्रे देतात. मी तिथेच बसलो होतो. कंपनीची मोठी बचत झाली म्हणून माझं कौतुक झालं. हेही तुम्हाला दुसऱ्याकडूनच कळलं असतं, म्हणून लिहितो.

मी तुमच्या भल्याचंच बघत होतो. तेवढा विश्वास ठेवावा.

तुमचा,
शैलेश


घोटावडे
२४ ऑगस्ट २०२५

चि. शैलेश यास,

साधना म्हणाली, दांडीवर बसवलेल्या पोराला 'श्री.' लिहायचं नाही. म्हणून 'चि.' लिहिलं. आशीर्वाद आईचे समज, माझे अजून कागदावर उतरत नाहीत.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. चिन्यांवर माझा राग नाही. पुढच्याच्या खाली भाव देऊन मीही कामं उचलली आहेत, त्यांनी माझ्यापेक्षा बरं केलं. आणि माणसानं स्वस्त गाडी का घेऊ नये? मारुंजीकडे कंपन्यांची पोरं नेणाऱ्या टॅक्स्या आता विजेच्याच दिसतात. चिनी माणूस माझ्या घरी जेवलेला नाही, त्यानं मला भाव विचारला नव्हता. तू विचारलास.

ओट्यावरचं ते बोलणं खरं. पण मी ओट्यावर पुष्कळ बोलतो. सरपंच व्हायचं नाही, असंही तीनदा बोललो आणि दोनदा उभा राहिलो. तू समोर बसून सांगितलं असतंस तर मी ओरडलो असतो, जेवलो नसतो, आणि सकाळी उठून विचारलं असतं, की ट्रेला पत्रा किती जाडीचा लागतो. हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तू मला नाही म्हणायची संधीच दिली नाहीस, म्हणजे हो म्हणायचीही दिली नाहीस.

जुन्या शेडमधली चार माणसं कमी केली. त्यातला बारकू जाताना म्हणाला, मालक, तुमच्या भावाला सांगून तिकडं कुटं लावता का बघा. मी बघतो म्हणालो. नव्या शेडमध्ये मारुंजीच्या त्या टॅक्स्यांची चाकं आणि खालची बाजू दुरुस्त करायला घेतो आहे. त्यांचं इंजिन बोलत नाही, त्यामुळे चाकाजवळचा रबरी बुश झिजला असेल तर लांबूनच ऐकू येतो. पोट भरेल, फार वर काही उरणार नाही.

आता आईचं. यंदा भाताच्या आवणीच्या दिवसांत ती रोज डोक्यावर पोतं घेऊन बांधावर जाऊन उभी राहायची. बांध आहे, पलीकडे खाचर नाही. काल शेजारी बसली आणि आपणहून बोलली. म्हणाली, हैबती, तू लई घाई केलीस. एवढा शिकलेला भाऊ हाय, जग बघतोय, त्याला एक शब्द इचारला असतास तर त्यानं तुला हे करू दिलं नसतं.

शेड तू सुचवलीस, हे तिला मी कधीच सांगितलं नव्हतं. तुझं नाव मध्ये आणून तिला गप्प करणं मला बरं वाटलं नव्हतं. कालही नाही सांगितलं. चुकलं, विचारायला हवं होतं, असं म्हणून मी उठलो.

दिवाळीला तू येशील तेव्हा ती हेच तुझ्यापाशी बोलेल. तुझा हात हातात घेऊन बोलेल, तिची रीत तुला माहीत आहे. तेव्हा काय उत्तर द्यायचं, ते तुझं तू ठरव. मी त्या वेळी शेडमध्ये असेन.

हेमलतेला आशीर्वाद, ते मात्र माझे.

हैबतराव