पडवी नावाची चौकट

६ नोव्हेंबर २०१७, सोमवार
झालं! गावाची वेबसाईट माझ्याच गळ्यात. मंडळाचा अध्यक्ष काशिराम मिटिंगला बोलला — विमानतळासाठी गाव उठायच्या आधी २६ तारखेला देवळात शेवटचं गावजेवण, सगळ्या माहेरवाशिणींना बोलवायचं, साईटवर टाका. साईट बनवलेली आमच्या भावनानं. पोरगी माझी, तीन वर्षं गावात नाय. पासवर्ड या वहीच्या मागच्या पानावर, तिच्या अक्षरात. भाऊ तिचा, हरेश, त्याला डंपरांतून वेळ नाय. मी सातवी पास. बघू.

७ नोव्हेंबर
रोडपालीला वसुंधरा मॅडमच्या कॉम्प्युटर क्लासला गेलो. मॅडम कसली, भावनाच्याच वयाची. बसा काका, चहा घ्या — मी बोललो चहा नको, काम दाखव.
काम अवघड नाय. साईटवर डबे असतात, त्यांना विजेट बोलतात. एकात भरती-ओहोटी, एकात मिटिंग, एकात मयताची बातमी. डब्याभोवती चौकट घालायची, ती रॅपर. चौकट एकदाच बनवायची, नाव द्यायचं, मग पायजे त्या डब्याला लावायची. मिठागरात दर कप्प्याला वेगळा बांध. इथं एकच सगळ्यांना पुरतो.
माझ्या नावाचं वेगळं खातं उघडून दिलं. मग बोलली, "काका, हे जुनं भावना नावाचं खातं काढून टाकू का? कोणी वापरत नाही."
राहू दे बोललो. जरा मोठ्यानं बोललो असेन. तिनं माऊसवरचा हात काढला.

९ नोव्हेंबर
नवी चौकट बनवायला बसलो तर यादीत एक आधीच हाय. नाव — पडवी. लावून बघितली. निळी, खाली विटकरी पट्टा. आमच्याच पडवीची भिंत! पुढं तारीख, १२ जून २०१४. कागदावर तिची सही झाली १३ जूनला. बनवून ठेवली, कुठं लावलीच नाय तिनं.

१० नोव्हेंबर
सहीचं लिहून टाकतो एकदा. कोणाला बोललो नाय.
हक्कसोडपत्र. आमच्याकडं सगळे करतात. बहिणी सही देतात, जमिनीच्या बदल्यात मिळणारा प्लॉट भावाच्या नावावर. पनवेलच्या कचेरीत गर्दी, मला घाई. ती कागद वाचायला लागली. मी बोललो, वाचतेस काय, कर सही, मागं माणसं उभी हायत. केली. पेन माझ्या खिशाला लावलं नि बोलली, "बाबा, मी दिलंच असतं. विचारायचं तरी."
सातबाऱ्यावरनं नाव गेलं. ती पुण्याला गेली. त्यानंतर दिवाळी नाय, गणपती नाय. घरी फोन करते. मी उचलला तर — आईला द्या.

१३ नोव्हेंबर
पडवी सगळ्या डब्यांना लावली. आठ डबे. नववा आवतणाचा — '२६ तारखेला गावजेवण. माहेरवाशिणींनी यावं. घरं अजून उभी हायत.' शेवटचं वाक्य मंडळाचं नाय.
चंद्रावतीला दाखवलं. बायको ती, सरळ कधी बोलायची? "जगाला आवतण धाडलंत. आपल्या पोरीला एक फोन होत नाय?"
मी बोललो, तिला वाचता येतं.
"तुमाला बोलता येतं का?"

१४ नोव्हेंबर
नाय केला फोन. नंबर तेवढा काढून ठेवलाय.

१६ नोव्हेंबर
वाट लावली मी! आवतण मोठं दिसावं म्हणून रुंदी वाढवली. वाढवायची होती डब्याची, वाढवली चौकटीची. चौकट एकच, मग सगळे डबे फुगले, एकमेकांवर चढले. भरती-ओहोटीच्या डोक्यावर मयताची बातमी! आवतण खाली गाडलं गेलं. आधीची रुंदी लिहून ठेवायची, ती ठेवली नाय. घाई.
नाक्यावर काशिराम चार माणसांत बोलला, "तुळशीराम, गाव पाडायला अजून वेळ होता रे. तू आधीच पाडलंस." हसले सगळे.
मॅडम गावाला गेलीय. सोमवारी येईल. तोवर कोण वाचणार नि कोण येणार?

१७ नोव्हेंबर
हरेश बोलतो, रविवारी पडवीचे पत्रे-वासे उतरवून घेऊ, माणसं सांगितलीत. हो बोललो. ठेवून करायचं काय?
दुपारी पडवीत बसलो. भिंतीचा पोपडा काढला. आत पांढरा. निळा भावनानं आणायला लावलेला, नववीत असताना. मी बोललेलो, चुना पुरे. ऐकली नाय. दोन दिवस स्वतः ब्रश मारत होती, कानात सुद्धा रंग.
बरी दिसते भिंत. तेव्हा बोललो नाय.

१८ नोव्हेंबर, शनिवार
साईट सरळ! नऊच्या नऊ डबे जागेवर, आवतण सगळ्यात वर. मॅडमला फोन लावला. तिनं हात लावलेला नाय. मग यादीत पडवी उघडली. पुढं लिहिलेलं — शेवटचा बदल : भावना, आज सकाळी ६.४०.
हरेशला सांगितलं, उद्या पत्र्याला हात लावायचा नाय.
मग पोरीला फोन लावला. माझ्याच फोनवरनं. ये, एवढंच सांगून ठेवणार होतो.
विचारलं — येशील का?